पाच वेळा 'का?'

"आधीचे साहेब निदान सकाळी व्यायाम तरी करून घ्यायचे. हे बाथरूमला गेलं तरी मिनिटं मोजतात. उद्या श्वाससुद्धा यांना विचारून घ्यायचा!"

कपाटांच्या रांगेपलीकडून बडबडीची कुरकुर ऐकू आली आणि अलीकडे हातमोजे चढवणारी मावशी थबकली. आपल्याला ऐकू जावं म्हणूनच बोलत असणार ही. म्हणजे आपण हो ला हो करायचं आणि ते वरपर्यंत पोचायचं. मावशी तोंड मिटून आपल्या टेबलाकडे निघाली.

कारखाना विजेच्या किटल्यांचा. पाणी उकळलं की किटली आपोआप बंद होते ती नखाएवढ्या एका पट्टीमुळे. त्या पट्टीला केसाएवढी चीर राहिली, तर एखाद्या दिवशी किटली बंद व्हायचंच विसरते आणि कुणाचं तरी स्वयंपाकघर पेटतं. ती चीर शोधायची आणि चांगल्या पट्टीवर हिरवा ठिपका द्यायचा, हे मावशीचं तेवीस वर्षांचं काम. नजर अशी, की पाठीमागे सगळे तिला घार म्हणत. शेजारच्या टेबलावर बडबडी त्याच पट्ट्या स्विचमध्ये बसवायची.

आधी कारखाना जपानी कंपनीचा होता. ते साहेब झाडूवालीपुढेही वाकायचे, "आपण सगळे एक कुटुंब" म्हणायचे. मावशीला तेव्हाही ते जरा जास्तच गोड वाटायचं. सुधारणा सुचवायला त्यांनी कार्डं वाटली, बायकांनी हौसेने भरली आणि त्या सुधारणांनी पॅकिंगचं एक अख्खं टेबल उठलं. कुटुंबातल्या चौघी दुसऱ्या खात्यात गेल्या. तिथून पुढे त्यांचं काय झालं, ते कुटुंबाने विचारलं नाही.

पण एक होतं. प्रत्येक टेबलावर लाल दोरी लोंबायची. काही चुकतंय असं वाटलं तर कुणीही ओढावी, सगळी लाईन थांबायची. मग साहेब येऊन पाच वेळा "का?" विचारायचे. का चुकलं, तसं का झालं, असं खोदत खोदत मुळापर्यंत. "कोण?" असं मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. दिवसाच्या कामाचा आकडा असायचा तो सगळ्या लाईनचा मिळून.

दोन वर्षांपूर्वी कारखाना अमेरिकन कंपनीने घेतला. नवे साहेब हसतमुख, खांद्यावर थाप मारणारे. "तुमची मेहनत, तुमचं बक्षीस!" भिंतीवर पडदा लागला. त्यावर प्रत्येकीचा वेगळा आकडा, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. खोटं कशाला बोला, ज्यांचे हात चालायचे त्यांना बक्षीस खरंच मिळालं. बडबडीने पहिल्याच तीन महिन्यांत मुलीला सायकल घेतली. पण सलग तीन शुक्रवार लाल आलात, की घरी. दोऱ्या तशाच राहिल्या, फक्त आता दोरी ओढली की पहिला प्रश्न "कोण?" वर्षभरात एकाही दोरीला कुणी हात लावला नव्हता.

आणि आता, सायकल घेणारी तीच बडबडी दोन शुक्रवार लाल होती. आज तिसरा. मावशी मात्र हिरवीगार.

यातच काहीतरी काळंबेरं होतं. एवढ्या चपळ हातांना झालं काय? का मुद्दाम संथ झालीय? माझ्यावर नजर ठेवायला बसवलंय की काय हिला? परवा ती सुपरवायझरच्या कानाशी लागली होती, आणि मावशी जवळ जाताच दोघं पंख्याच्या आवाजाबद्दल बोलायला लागले.

मावशीला असा संशय यायला कारणही तसंच होतं. कपाटात, जेवणाच्या डब्याखाली, डोळ्यांच्या डॉक्टरचा घडी घातलेला कागद होता. हे चष्म्याने सुटणारं नाही, मधलं दिसणं असंच कमी होत जाणार, असं तो म्हणाला होता. घरी तिने "बल्ब मंद आहे" एवढ्यावर भागवलं होतं. इथे वर्षभर ती नख फिरवून चीर ओळखत होती. दोन महिन्यांपूर्वी हातमोजे सक्तीचे झाले आणि नखही आंधळं झालं.

मधलं धूसर झालं तरी कडेचं मात्र तिला अजून दिसत होतं. म्हणूनच तीनच्या सुट्टीला काही मिनिटं असताना आपल्या तबकात शिरलेला हात तिला दिसला.

"काय उचललंस गं?"

"मी? काही नाही, मावशी. पडली होती खाली एक."

"खिसा दाखव."

"अहो, काम करू द्या ना! पडदा बघा, माझं आधीच काय झालंय..."

"दाखव म्हणते ना!"

एप्रनच्या खिशातून मूठ काढून बडबडीने मावशीच्या हातावर रिकामी केली. दहाएक पट्ट्या. मावशीने त्या दिव्याखाली धरल्या. सगळ्या चांगल्याच वाटत होत्या. सगळ्यांवर तिचाच हिरवा ठिपका.

तिने एका हातातला मोजा काढला आणि नख फिरवलं. अडकलं. दुसरीवर फिरवलं. तिथेही अडकलं. तिसरीवर फिरवायचा तिला धीर झाला नाही.

"किती दिवस माझ्यामागून तपासतेयस?"

"कसलं तपासतेय? हल्ली मालच खराब येतोय, मावशी."

समोरच्या दोघींनी माना आणखी खाली घातल्या. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. सुपरवायझरलाही. सगळी लाईन जाणून होती, आणि एकेक पट्टी पुन्हा बघता बघता हिचा आकडा लाल होत गेला होता.

पडद्यावर आठवडा संपायला चार मिनिटं उरली होती. मावशी उठली आणि तिने लाल दोरी ओढली. वरून वर्षभराची धूळ पडली. लाईनचा सरकता पट्टा थांबला. पंख्याचा आवाज खरंच मोठा होता.

"कोणी ओढली? कोण आहे?" सुपरवायझर धावत आला. पट्टी चिमटीत कशी धरायची ते त्याला याच टेबलावर मावशीने शिकवलं होतं.

"मी."

काचेच्या केबिनमध्ये साहेब उठून उभे राहिले. सुपरवायझरने एकदा तिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून जुन्या सवयीने विचारलं, "का, मावशी?"

"पट्टीला चीर आहे."

"का?... म्हणजे, पुढे कशी आली?"

"तपासताना सुटली."

"का सुटली?"

"अहो साहेब, मालच..." बडबडी मध्ये पडली.

"तू थांब गं." मावशीने दुसऱ्या हातातलाही मोजा काढला, दोन्हींची नीट घडी करून टेबलाच्या कडेला ठेवली, आणि त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत म्हणाली,

"मला दिसत नाही, बाळा."