बारीक फोडी

मटारचा एकच दाणा डब्याच्या झाकणाला चिकटून वर आला, हिरवाकंच, पुरता शिजलेला पण सालाला कुठे चीर न गेलेला, आणि तिने तो बोटाने ढकलून परत आत पाडला, कारण डबा देताना त्यात काही कमी दिसायला नको. काचेपलीकडे रक्ताच्या चोवीस नळ्या यंत्रात गरगर फिरत होत्या. दहा मिनिटं. यंत्र थांबलं की उठायचं, म्हणजे जेवणाची सुट्टीही दहाच मिनिटं, त्यातलं एक हात धुण्यात गेलेलं... नऊ धरू.

हा हिशेब तिने डबा सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मांडला होता. आहारतज्ज्ञ मुलगी म्हणाली होती, मावशी, पाकिटातलं काही नको, अख्खं खा – अख्खं धान्य, अख्खी कडधान्यं, भाज्या सालासकट – आणि सावकाश, एकेक घास बत्तीस वेळा चावून. डब्यात साधारण चाळीस घास. चाळीस गुणिले बत्तीस... आकडा पाहूनच तिची दाढ ठणकायला लागली. अख्खं खायला अख्खा दिवस लागतो हे त्या मुलीला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. तिच्या दारात सकाळी सातपासून पन्नास माणसं बाही वर करून उभी नसतात. त्यामानाने बिस्कीट किती समंजस! तोंडात टाकलं की आपलं आपण विरघळतं, चावायचीही तसदी देत नाही. चार बिस्किटं, तीन मिनिटं. उरलेली सहा मिनिटं पाय वर घेऊन बसता येतं. आणि एवढी सहा मिनिटं माझी मला मिळाली तर त्यात कुणाचं काय गेलं?... कुणाचंच काही नाही. फक्त डबा.

डबा मामा खातात. मामा म्हणजे खाली जिन्याशी बसणारे रखवालदार. पहिल्या दिवशी फेकून द्यायचं जिवावर आलं म्हणून तिने तो त्यांना दिला; दुसऱ्या दिवशी ते हात धुऊनच उभे होते. या गोष्टीला परवा तीन महिने झाले.

तीन महिन्यांपूर्वी तिची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी, आठ पॉइंट चार निघाली, डॉक्टर म्हणाले बघू, पुढच्या खेपेला उतरली नाही तर इन्सुलिनची सुई, आणि ती हसली होती – मी दिवसाला पन्नास जणांना टोचते, मला कसली सुईची भीती! भीती दुसरीच होती. आईचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि शेवटपर्यंत ती उशीच्या अभ्र्यात गोळ्या-चॉकलेटं लपवत राहिली... त्या अभ्र्याची झडती घेताना आपण आईला काय काय बोललो होतो! पण घरी घाबरला तो नवरा. पस्तीस वर्षं शिवणाच्या दुकानात कापडं बेतली, स्वतःचा चहा कधी केला नाही, असा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ओट्याशी उभा. पहिल्या आठवड्यात त्यांनी गाजरंसुद्धा उरेबात, तिरकी कापली. गळ्यात टेप नव्हती एवढंच. संध्याकाळी ते विचारायचे, "कसं झालं होतं गं?" आणि ती म्हणायची, "मस्त." रोज मस्त. एखाद्या दिवशी तरी खारट म्हणायला हवं होतं, म्हणजे खरं वाटलं असतं... पण त्यांना खरंच वाटत होतं.

खोटं बोलणारी माणसं ती एकोणीस वर्षं ओळखत आली होती. उपाशीपोटी आलात ना? हो हो, पाण्याचा घोटही नाही – आणि मिशीत पावाचा चुरा. ती तो चुरा झटकायला सांगायची आणि उद्या या म्हणायची, मजा यायची. ही तीन महिन्यांची साखर मात्र काही विचारतच नाही. उपाशी या, जेवून या, देवाची शपथ घ्या. ती आपली गुपचूप तीन महिन्यांचं सगळं काढून पुढ्यात ठेवते. आज सकाळी तिने स्वतःच्या दंडाला पट्टा दातांनी आवळला, जांभळ्या टोपणाची एक नळी भरली आणि इतरांच्या रांगेत लावून टाकली.

"ताई, येऊ का?" मामा दारात. हातात त्यांच्या तपासणीचा कागद. "यातला माझा आकडा कोणता हो?"

"सहा पॉइंट सहा." तिने पुन्हा वाचलं. "मामा, आठ होती तुमची. केलंत काय?"

"मी कशाला काय करतोय? तुमचा डबा खाल्ला! आमच्या हिला सांगितलं, एक डॉक्टर भेटलाय, गोळ्या देत नाही, भोपळा देतो."

ती हसली. चांगलं वाटलं असंही नाही, आणि वाईट वाटलं असं म्हणायलाही लाज वाटली.

मामांनी डबा उचलला, झाकण उघडून आत पाहिलं, मग तिच्याकडे. "राग येणार नसेल तर विचारतो. सोमवारी घरात वाजलं होतं का?"

"का हो?"

"फोडी. सोमवारी भोपळ्याच्या फोडी ह्या एवढ्या." त्यांनी मूठ वळून दाखवली. "दणादण कापलेल्या. मंगळवारी निम्म्या. बुधवारी पुन्हा नेहमीएवढ्या. म्हटलं, चला, मिटलं." ते खुदकन हसले. "तीन महिने खातोय ताई. साहेबांचा हात कळतो आता."

"आणि आज?" हा प्रश्न आपण विचारला हे तिला नंतर कळलं.

"आज?" मामांनी डबा उजेडाकडे धरला. "आज फारच बारीक. गाजर बघा, दाण्यागत केलंय. माणसाचं चित्त ठिकाणावर नसलं की तो असा चिरतच बसतो. आज काही आहे का तुमच्याकडे?"

तिनेही आत्ताच उघडून पाहिला होता. तिला मटार दिसला होता.

"द्या इकडे," एवढे दोन शब्द ओठांपर्यंत आले, पण मामांनी झाकण दाबून डबा काखेत घेतलाही होता, आणि काचेपलीकडे यंत्र थांबलं. ती उठली.

नळ्या काढून झाल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं. तिच्या नावासमोर नऊ पॉइंट एक. आश्चर्य वाटायला हवं होतं. आकडा अगदी ओळखीचा वाटला, मिशीतल्या चुऱ्यासारखा.

फोन वाजला.

"आला का गं आकडा?"

"अहो, अजून..."

"असू दे, असू दे. फोनवर नको सांगूस. घरी आलीस की बघू." आणि मग, "जेवलीस ना? आज जरा बारीकच चिरलं गेलं. चमच्याने खाल्लंस की नाही?"

उत्तर तयार होतं. एकोणीस वर्षं इतरांची ऐकून शिकलेली कितीतरी उत्तरं तिच्यापाशी तयार होती, आणि तिला त्यांतलं एकही निवडायचं सुचेना, कारण ती दुसरंच काही शोधत होती – सोमवार. सोमवारी काय झालं होतं? ती उशिरा आली होती का... काही बोलली होती का, की काहीच बोलली नव्हती?... रागावले होते ते? ते लवकर आडवे झाले तेव्हा तिला वाटलं होतं झोप आली असेल. सोमवार नाही, मंगळवार नाही, बुधवारी मिटलं ते काय मिटलं, कुणी मिटवलं – काही म्हणता काही हाताला लागत नव्हतं, आणि फोनच्या पलीकडे पस्तीस वर्षांच्या ओळखीचा एक श्वास थांबून राहिला होता, आणि त्या माणसाचं जे जे तिला ठाऊक नव्हतं ते खाली जिन्याशी बसून कोणीतरी सावकाश, एकेक घास चावून, खात होतं.