कोपऱ्यातली निरीक्षणाची खुर्ची

सकाळचं ऊन वॉर्डात एकदम येत नसे. आधी ते पूर्वेच्या खिडकीच्या चौकटीवर टेकायचं, मग फरशीवरून सरपटत पहिल्या खाटेच्या लोखंडी पायाशी यायचं, चादरीवर चढायचं, सलाईनच्या बाटलीत क्षणभर थरथरायचं आणि भिंतीवर फिकट डाग होऊन राहायचं. त्याच्याकडे कोणी मान वळवून पाहत नसे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसणाऱ्या संशोधकाला वाटे, आपलंही तसंच आहे. आणि त्या वाटण्यात एक उदास समाधान होतं.

परिचारिका नवं यंत्र कसं स्वीकारतात, हे तो टिपत होता. रुग्णाजवळ उभं राहून बोलायचं, यंत्र नोंद करणार. त्या ते बिनतक्रार वापरत. दुपारी त्याचा अहवाल जायचा होता, आणि त्याच्या भरवशावर सगळ्या वॉर्डांत हातानं लिहिणं बंद व्हायचं होतं.

शेवटचा दिवस म्हणून तो आज लवकर, मागच्या दारानं आला. यंत्र कपाटावर टॉवेल पांघरून निजलं होतं. थोरल्या सिस्टर एका आजोबांच्या खाटेपाशी कागदावर लिहीत होत्या.

"अगंबाई, जावईबापू आज मागच्या दारानं?" त्या म्हणाल्या. "थांबा, काढते तुमचं लाडकं."

"रोज... असंच?"

"तुम्ही बसलात की काढायचं, उठलात की झाकायचं," धाकटी सिस्टर हसली. "ताई, सांगून टाका एकदाचं."

थोरल्या सिस्टरनी त्याला बाजूला घेतलं. "त्या आजोबांचा ताप हटत नाहीये. हे त्यांच्या उशाशी मोठ्यानं बोलू? कान तिखट आहेत त्यांचे."

"मग मी विचारलं तेव्हा 'छान आहे' का म्हणालात?"

"तुम्ही इतकं हळू विचारता हो, नाही म्हणवेना. म्हटलं, पोराचा अभ्यास पार पडू दे."

तो खुर्चीपर्यंत गेला, पण बसला नाही. 'निरीक्षकाच्या उपस्थितीचा परिणाम जाणवला नाही,' हे अहवालातलं वाक्य त्यानं किती निगुतीनं घडवलं होतं. परिणाम जाणवला नव्हता असं नाही. त्या रोज त्याची वाट पाहत, त्याला चहा ठेवत, आणि त्याकडे त्यानं डोळेझाक केली होती.

जिन्यात येऊन त्यानं मार्गदर्शकांना फोन लावला.

"सर, अहवाल आज देत नाही."

"का रे, काय राहिलं?"

"त्या यंत्र माझ्यासाठी वापरत होत्या."