म्हसोबाजवळचा हरभरा

खराडीच्या काचेच्या इमारतींमागं हिंदुरावांच्या रानात अख्खी आळी लोटली होती. कंपनीतून सुटलेली पोरंसुद्धा गळ्यातल्या ओळखपत्रांसकट हात जोडून उभी. का, तर बद्रीनाथ महाराजांच्या हातातला तांब्या बघता बघता गार पडला होता. देवीआई पाण्यात उतरली, हात लावून बघा, असं महाराज सगळ्यांना सांगत होते. हे तीर्थ घातलं की पिवळा हरभरा हिरवा होतो, हे शेजारच्या रानात दिसलंच होतं.

मग महाराजांनी खरा बाण सोडला. हिंदुरावांचं रान पिवळं पडलं ते त्यांच्या नव्या सुनेच्या पायगुणानं. तिला कायमची माहेरी धाडा. पुरावा हवा? कोपऱ्यातल्या म्हसोबाभोवतीचा हरभरा तेवढा हिरवागार, कारण तिथं सून जात नाही.

ती सून म्हणजे नंदा. ती शेतकीची पदवीधर, पण सासरी तिला विचारतो कोण? खुरपणाऱ्या बाया आता ऑफिसांत साफसफाईला जातात, म्हणून सासऱ्यांनी तणनाशक मारलं होतं, तेही जोर यावा म्हणून दुप्पट. देवावर विष नको म्हणून म्हसोबाभोवतीची जागा तेवढी सोडली होती.

तिनं दोन्हीकडची रोपं मुळांसकट खणून काढली. म्हसोबाजवळच्या मुळांना टपोऱ्या गाठी होत्या, फोडल्या तर आतून गुलाबी. रानातली मुळं बोडकी. गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, दुप्पट तणनाशकानं रानात गाठी धरल्याच नाहीत, म्हणून ते पिवळं, असं तिनं सांगितलं. मग घरच्या पोत्यातला युरिया पाण्यात ढवळून तांब्या सासऱ्यांच्या हाती दिला. तोही गार पडला.

"मामा, युरिया विरघळताना पाणी गार होतंच. महाराज तोच घालतात, त्यात नत्रच असतो, म्हणून पीक हिरवं होतं. यात माझे पाय कुठं आले?"

महाराजांनी तांब्यात बोट बुडवलं. मग म्हणाले, "युरियातही आईच आहे." आणि लोकांनी माना डोलावल्या की हो!

हिंदुरावांनी तांब्या कपाळाला लावला. "तुझं खरं आसंल पोरी. पण आळीचं तोंड कोण धरणार हाय?"

नंदानं आनंदकडे पाहिलं. तिचा नवरा, समोरच्याच इमारतीत प्रोग्राम लिहिणारा.

"प्लीज, सीन नको करूस," तो पुटपुटला. "थोडे दिवस जा."

तिला रडू आलं नाही, नुसती चीड आली. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.

अहो, निदान डोळ्यांनी पाहिलेलं तरी माना. नाहीतर पुढच्या साली औषध दुप्पटच पडेल, रान पिवळंच होईल, आणि दोष द्यायला घरात सूनही नसेल.