दसऱ्याआधी उरकलेला धडा

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. पत्ता म्हणाल तर पाथर्डी तालुक्यातली एक शाळा, नववीचा वर्ग, खिडकीजवळचा खिळा. माझ्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं आहे, 'फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे'. खाली चित्र आहे. एक वाकलेला शेतकरी आणि त्याच्या पाठीवर ऐटीत बसलेले दोघे, एक सरदार नि एक धर्मगुरू.

कापडावर कागद चिकटवून मला बनवलं आणि एसटीच्या टपावरून मी इथे आलो. तेव्हा माझा तोरा काय विचारता! पुढे पुस्तकं बदलली, माझा धडाच गेला आणि मी कपाटामागे धूळ खात पडलो. मला बाहेर काढलं ते इतिहास शिकवणाऱ्या आसाराम सरांनी. संविधानाच्या उद्देशिकेतली समता कुठून आली, हे सांगायला त्यांना मी लागायचो. राजाची रिकामी तिजोरी, बुडालेलं पीक, महागलेला पाव, बड्यांना करमाफी आणि सगळा भार गरिबांवर, असं ते एकेका कारणावर बोट ठेवत जायचे.

आमच्याकडे दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. पोरंही जातात. म्हणून सर महत्त्वाचे धडे दसऱ्याआधीच उरकायचे. गाव त्यांचं कौतुक करायचं. मलाही वाटायचं, केवढा शहाणा माणूस!

गेल्या वर्षी वर्गात सुकन्या होती. सगळी कारणं तिला तोंडपाठ. आईवडील तोडीला गेले तरी ती मागे वसतिगृहात राहायची, कारण तिला शिक्षिका व्हायचं होतं. पण भाद्रपदात तिच्या आईची, भागूबाईंची, कंबर धरली. तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्याला कोणी विचारत नाही. आता आईच्या जागी लेक न्यायची ठरली.

वडील गोरक्षनाथ शाळेत सांगायला आले. सरांनी परोपरीने विनवलं, परीक्षेपर्यंत तरी ठेवा म्हणाले. गोरक्षनाथ मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "निम्मा कोयता मुकादम घेत न्हाई, सर. अन् तुमी तर समदं आदीच शिकिवलंय. आता पोर नेली तर काय बिघडतंय?"

मला तर खिळ्यावरून गळून पडावंसं वाटलं. पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून आम्ही घाई केली आणि त्या घाईनेच तिला शाळेबाहेर काढलं.

चैत्रात गाव परतलं. सुकन्या एकदा वर्गाच्या दारापर्यंत आली, आत आली नाही. हातांना घट्टे पडले होते. सरांनी विचारलं, पुन्हा नववीला बसतेस का? ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"कारनं अजून पाठ हायेत, सर. पर माजं लग्न ठरलंय. औंदा दसऱ्यापासनं आमचा दोगांचा कोयता."

सर बालविवाहाची तक्रार द्यायला तालुक्याला गेले. तोवर लग्न परगावी उरकलं होतं. आल्यावर त्यांनी मला उतरवलं आणि पुन्हा कपाटामागे ठेवलं. मला त्यांचा राग आला नाही.

मित्रांनो, आमच्यासारखे जुने तक्ते शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मला वाळवीने खाल्लं तरी चालेल. तुमच्या वर्गातलं एखादं बाक दिवाळीनंतर रिकामं दिसलं, तर तिथे बसणारं पोर परत कसं येईल ते त्याच दिवशी विचारा. आम्ही चैत्रात विचारलं.