विटेतले पंख

मामाला कुठून अवदसा आठवली आणि त्यानं नगरहून टीव्ही गेम आणला. त्यातल्या माणसानं विटेला डोकं आपटलं की त्याला पंख मिळतात.

दुपारी माझा धाकटा भाऊ गहिनी दिसेना, म्हणून मी गच्चीवर गेले. कठडा नसलेल्या कडेला तो उभा होता. कपाळावर ताजं टेंगूळ.

"ताई, मला पंख मिळाले," म्हणत त्यानं हात पसरले.

मी होते तिथंच थांबले. धावले असते, तर त्यानं उडीच मारली असती.

"गहिनी, लाईट गेली," मी म्हणाले.

लाईट गेली की गेममध्ये मिळालेलं सगळं जातं, हे त्याला पक्कं ठाऊक. तो हिरमुसून माझ्याकडं आला. मी त्याला छातीशी धरलं आणि आधी त्याचे कान झाकले.

खाली गेमचं गाणं वाजतच होतं.