डिलेश्वरीच्या नावाची नळी

लोक म्हणतात, टिकाराम चिडका आहे. आहेच मी. गोरेगावात रक्त-लघवी तपासायची लॅब चालवतो. दिवसभर लोकांशी डोकं फोडायचं, मंग चिडणार नाही तं काय करणार?

त्या दिवशी गर्दी होती. रुख्माबाई नातीला घेऊन आली, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. डिलेश्वरी, वय पाच. मागच्या साली मेंदूज्वराची लस टोचली तेव्हा या पोरीचं तोंड सुजलं, श्वास अडकला, कशीबशी वाचली होती. लसीतल्या जिलेटिनची अॅलर्जी असावी, असा डॉक्टरांना संशय. तपासणीत ती निघाली नाही, तरच दुसरा डोस. पोरगी चूपचाप बसली. मी आजीला नाव विचारलं, रक्ताच्या नळीवर लिहिलं, नळी नागपूरला पाठवली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. अॅलर्जी नाही. मला आनंदच झाला.

आज मी आरोग्य केंद्रात गेलो, तर सिस्टर नुकतीच डिलेश्वरीला लस टोचून मोकळी झाली होती. बाकावर रुख्माबाई, दोन्ही बाजूंना दोन नाती. रक्त देताना पाहिलेला चेहरा मी ओळखला.

"काय डिलेश्वरी, दुखलं का?"

"थे रीता होय," रुख्माबाई म्हणाली. "डिलेश्वरी हे धाकटी."

"मग मी रक्त कोणाचं घेतलं?"

"रीताचं. धाकटी सुईले लय भिते. लस तं घ्याच लागते, पण रक्तासाठी कायले रडवाचं लेकराले? एका मायच्या पोरी, रक्त का वेगळं राह्यते?"

बाईवर ओरडावं वाटलं, पण कोणत्या तोंडानं? पोरीलाच नाव विचारलं असतं तर माझं काय झिजणार होतं? चूक तिची नाही, माझी होती.

"सिस्टर, अॅड्रेनालिनचं इंजेक्शन काढा, अॅलर्जी उठेल. रिपोर्ट हिचा नाही."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं अन् आत धावली. डिलेश्वरी ओठ चोळत होती. वरचा ओठ जाड झाला होता.

"आजी, गळा खाजवून राह्यला," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता.

आत सिस्टरच्या हातून काहीतरी पडून फुटलं. रुख्माबाई माझ्याकडे पाहत होती. रक्त धाकटीचंच द्यायला हवं होतं, हे आता तिला कळलं होतं.

"घे भाऊ," ती म्हणाली, "आता हिचंच रक्त घे. मी हात धरून ठेवतो."

अन् तिनं पोरीची बाही वर सारली.