पंचावन्नच्या वरच्या बायका

पंचावन्नच्या वरच्या बायकांना काय आवडतं आणि काय नाही, हे ठरवणारे हे लोक कोण लागून गेलेत? मला एकदा तोंड दाखवा त्यांचं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता हिमानी माझ्या पार्सिपनीच्या किचनमध्ये उभी राहून सांगत होती, "मावशी, चॅनेलचा रिपोर्ट आला. पंचावन्नच्या वरच्या बायकांना मालिकेतल्या आईचं लग्न आवडलं नाही. लग्न काढा म्हणतात. शेवटी आई घरीच राहणार आणि नातवाला सांभाळणार."

"आणि नाही काढलं तर?"

"तर मालिका घेणार नाहीत. सोमवारपर्यंत सांगायचंय."

माझ्या हातात थालीपिठाचा गोळा होता. तो मी परातीत असा आपटला की आमचे हे पेपर टाकून बघायला आले. "नातवाला सांभाळणार? म्हणजे बाई साठीला आली की बेबीसिटर! तीही फुकटची!" हे आल्या पावली परत गेले.

हिमानी माझ्या मोठ्या बहिणीची, सीमाताईची मुलगी. लंडनजवळ स्लावला जन्मली, तिथेच वाढली, आणि गेली बावीस वर्षं तिकडच्या टीव्हीसाठी, सिनेमासाठी विनोदी लिहिते. तुम्ही म्हणाल, वा! तुम्ही म्हणाल हो, पण आमच्या मंडळातल्या कुणी म्हटलं नाही. "लिहिते ते ठीक आहे, पण नोकरी काय करते?" हे मला दर गणपतीला विचारतात. यांची पोरं दिवसभर कंप्यूटरवर काय करतात ते यांना तरी सांगता येतं का? पण ती नोकरी! आणि माझी हिमानी सात वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांना विनोद पुरवत होती, कुठे नाव नाही की काही नाही, ते काय तिने टाइमपास म्हणून केलं? मग तीन मालिका तिच्या स्वतःच्या नावावर झाल्या. मग दोन सिनेमे, प्रेमाचे, ज्यांत दोघं पहिल्या दहा मिनिटांत भांडतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत एकमेकांकडे पळत येतात. पहिला इथे लागला तेव्हा मी अठरा जणांना घेऊन गेले. तिचं नाव पडद्यावर आलं तेव्हा निम्मे उठून कोट चढवत होते. मी ओरडले, "बसा खाली!" अख्खं थिएटर बसलं, अमेरिकन लोकसुद्धा.

पण त्या सगळ्यात आपलं माणूस म्हणून एक नाही. तिने लिहिलं नव्हतं असं नाही. एका सिनेमातली नायिका तिने वरणभात खाणारी, मराठी नावाची लिहिली होती. पडद्यावर आली ती रेचल होऊन, सूप पीत. "का गं बदलू दिलंस?" असं विचारलं तर म्हणे, "मावशी, मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी बदललं असतं, आणि मला घरी पाठवलं असतं." शेहेचाळीस वर्षांची बाई, आणि दर वेळी आपली परीक्षेला बसल्यासारखी.

आता कुठे एका अमेरिकन चॅनेलने तिची स्वतःची गोष्ट घेऊन नमुन्यादाखल पहिला भाग काढला होता. न्यू जर्सीतलं मराठी घर. विधवा आई, अठ्ठावन्न वर्षांची, एका घटस्फोटित माणसाशी लग्न करायचं ठरवते, तिथे पहिला भाग संपतो. पुढची सगळी मालिका त्या लग्नाची. ते लग्न काढलं की उरलं काय? नातू आणि त्याचे डायपर.

हा पहिला भाग लोकांना कितपत आवडतो हे बघायला चॅनेलवाल्यांनी गुरुवारी दुपारी रूट फॉर्टीसिक्सवरच्या एका ऑफिसात चाळीस माणसं बसवली. त्यातल्या बारा जागा आमच्यासारख्यांसाठी: भारतीय, बायका, पंचावन्नच्या वर. प्रत्येकीच्या हातात एक डबी, डबीवर गोल बटण. आवडलं तर शंभराकडे फिरवायचं, नाही आवडलं तर शून्याकडे. काचेमागे चॅनेलची माणसं बसून रेघ वर जाते की खाली ते बघणार. फॉर्मवर विचारलं होतं, या कार्यक्रमाशी संबंधित कुणाला ओळखता का? मी सरळ "नो" लिहिलं. बहिणीच्या मुलीसाठी एवढंही खोटं बोलायचं नाही तर मावशी व्हावं कशाला? हिमानीलाही पत्ता लागू दिला नाही. वर रेणू आणि प्रीता अशा दोन मैत्रिणींची नावं दिली, त्यांना गाडीत घालून नेलं आणि वाटेत बजावलं, "शंभर. डोळे मिटून शंभर."

म्हणून मी आता पिठाच्या हातानेच फोन उचलला. हिमानीला म्हटलं, "थांब, माझ्या दोन मैत्रिणी होत्या तिथे." पिस्कॅटवेला रेणूला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"रेणू, परवा तू बटण खाली फिरवलंस का?"

"फिरवलं ना. त्या दोघी बहिणी भांडायला लागल्या, केवढा कलकलाट! मी आवाज कमी केला."

"आवाज?"

"व्हॉल्यूमचंच होतं ना गं ते?"

कप्पाळ माझं! पस्तीस वर्षं या देशात काढली, बँकेत नोकरी केली या बाईने. तिचा फोन कापून मी प्रीताला लावला.

"मी फक्त दहाने कमी केलं," प्रीता म्हणाली. "बाकी छान होतं यार. पण त्या आईने स्लीव्हलेस ब्लाउज घालायचा? नोव्हेंबरात?"

"तिचं लग्न चाललं तुला?"

"लग्न चालेल की. ब्लाउज नाही चालणार."

मी फोन ओट्यावर टाकला. "ऐकलंस? एकीला आवाज नको, एकीला ब्लाउज नको. आणि हे दीडशहाणे रिपोर्टात लिहितात, बायकांना लग्न नको!"

हिमानी हसली नाही. म्हणाली, "त्यांचं जाऊ दे गं. पाच-दहाने काही बिघडत नाही. एकीने शंभरवरून थेट शून्यावर नेलं, आणि शेवटपर्यंत तिथेच ठेवलं. लग्न ठरतं तो अख्खा सीन शून्य. बाराच बायका, त्यातली एक शून्य, रेघ पडणारच. चॅनेलला कारणच हवं होतं. मिळालं."

तवा तापून धुरकटला होता. मी गॅस बंद केला.

ती एक म्हणजे मी. आता कशाला लपवू?

त्या दिवशी पहिली वीस मिनिटं मी शंभरावरून बोट हलवलं नव्हतं. मग पडद्यावर त्या आईची धाकटी बहीण आली. जाडी, कलपाने काळेकुळकुळीत केस, हातात डब्यांची पिशवी. सगळा भाग इंग्रजीत, आणि हिने तोंड उघडलं ते मराठीत, खाली इंग्रजी अक्षरं: "या वयात स्वतःचं हसं करून घेऊ नकोस." चाळीसच्या चाळीस माणसं हसली. आईला नाही, त्या बहिणीला हसली.

ते वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझा. बावीस वर्षांपूर्वी मी ते सीमाताईला फोनवर म्हणाले होते. भावजी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. स्लावच्या मराठी शाळेत शिकवणारे राजाराम म्हणून एक गृहस्थ होते, घटस्फोटित, ताईपेक्षा पाच वर्षांनी लहान. त्यांनी तिला लग्नाचं विचारलं, आणि काय करू म्हणून तिने मला विचारलं. मी ते वाक्य म्हणाले. लग्न झालं नाही. ताईला जाऊनही आता सहा वर्षं झाली.

आयुष्यात मी लाख गोष्टी बोलले असेन. ताईच्या बाळंतपणाला नागपूरहून डिंकाचे लाडू घेऊन गेले, स्लावला दोन महिने राहिले, ते नाही आठवलं कुणाला. नेमकं हेच उचललं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बटण शून्यावर कधी गेलं मला कळलंच नाही. नाही, कळलं. चांगलं कळलं, आणि मी ते तिथे दाबून धरलं.

"हिमानी," मी म्हणाले, "ती शून्यवाली बाई..."

"माहीत आहे. काचेमागे मीपण होते. तुझ्या बांगड्या दिसत होत्या."

"मग आल्या आल्या का नाही बोललीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते."

"मी बोलू? आधी तू बोल! मला विचारलंस? माझं वाक्य उचललंस, माझे केस उचललेस, पिशवीसुद्धा माझी, आणि चाळीस परक्या माणसांना बसवलंस हसायला! आणि लेक कशी दाखवलीस गं? आईच्या गळ्यात पडते, 'आई, यू डिझर्व्ह धिस' म्हणते. लेक देवी आणि मावशी डाकीण! एक वाक्य बोलले मी, एक! ताईने ते मनालासुद्धा लावून घेतलं नव्हतं. हसली होती ती. मी माझ्या कानांनी ऐकलंय फोनवर. खळखळून हसली, म्हणून तर मी विषय सोडला."

"मावशी, ती आई नव्हती."

"म्हणजे?"

"तुझा फोन स्पीकरवर होता. आई मेथी निवडत होती, मी चहा करत होते. तू ते म्हणालीस आणि मला... तुझं टायमिंग इतकं परफेक्ट होतं. मी हसले. मोठ्यांदा." "आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. संध्याकाळी तिने राजारामकाकांना नाही म्हणून सांगितलं."

मी खुर्ची ओढून बसले. बावीस वर्षं मी त्या हसण्याच्या जिवावर काढली होती. मन खायला लागलं की म्हणायचे, हसली ना ती, मग झालं तर. मला एवढा राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. हिमानीवर काढावा तर पोर तेव्हा चोवीस वर्षांची. स्वतःवर काढावा तर तो बावीस वर्षांपूर्वीच काढायला हवा होता, काढला नाही हेच मोठं पाप.

"मग हे का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"लेक आईला हसते? कोण बघेल ते? तो विनोद नाही होत, मावशी."

"नाही ना होत? मग माझ्या वाक्याचा कसा झाला?"

ओट्यावर तिची बॅग होती. मी लॅपटॉप काढून तिच्यापुढे ठेवला, पीठ लागलं त्याला, लागू दे. "आधी त्या टेस्टवाल्यांना माझ्या नावाने मेल लिही. मी फॉर्मवर खोटं बोलले, मी हिची मावशी आहे, माझा आकडा काढून टाका म्हणावं."

"ते म्हणतील मीच तुला पाठवलं."

"आपलीच मालिका पाडायला मावशी कोण पाठवतं? लिही! आणि मग तो सीन उघड. मावशी राहू दे. वाक्य राहू दे, ते काळे केसही राहू देत. पण लेकीला मिठी मारू देऊ नकोस. हसू दे तिला. आणि लग्न त्यानंतरही झालं पाहिजे, समजलं?"

मेल गेला. हिमानीने सीन उघडला, मिठी खोडली, लेकीचं हसणं लिहिलं आणि आई तिच्याकडे बघते इथे येऊन थांबली. "पुढे आई काय म्हणेल?"

मला कुठे माहीत होतं? ताई त्या दिवशी काहीच म्हणाली नव्हती. पण मी तिची सख्खी बहीण. ती कशी बोलली असती ते मला नाही कळणार तर कुणाला?

"लिही," मी म्हणाले. "'झालं तुमचं हसून दोघींचं? मग तारीख लिहून घ्या.'"

हिमानीने ते टाइप केलं, आणि मग तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. रडू दे. सोळा वर्षं माझी ताई त्या घरात एकटी जेवायला बसली.